चिखल नंबर चारचे तीन मतदार

सकाळी सातला मतदान सुरू झालं आणि सात वाजून सहा मिनिटांनी दोन तृतीयांश मतदान उरकलं.

कॉय टिडवेल आणि त्याची बायको जोलीन यांनी आपापली मतपत्रिका पेटीत टाकली, छातीवर 'मी मत दिलं' असा गोल स्टिकर चिकटवला आणि आता पुढे काय, अशा चेहऱ्यानं ती दोघं तंबूत उभी राहिली. तिसरी आणि शेवटची मतदार रोझाली व्राना तंबूच्या खांबाला टेकून थर्मासमधली कॉफी पीत होती. तिला कसलीच घाई दिसत नव्हती.

"पोरी, देऊन टाक एकदाचं," ओलेटा प्रुइट म्हणाली. काउंटीच्या निवडणुका ती एकतीस वर्षं घेत आली होती. वय चौऱ्याहत्तर, आणि बावन्न वर्षांच्या रोझालीला पोरी म्हणण्याचा तिचा हक्क रोझालीच्या बाप्तिस्म्यापासूनचा होता.

"मी दिलं तरी तुम्हाला सातपर्यंत बसावंच लागणार, ओलेटाबाई."

"बसेन की. पण मग नुसती बसेन. आता तुझ्या तोंडाकडे बघत बसावं लागतंय."

मे महिन्यातला पहिला शनिवार होता. तंबू व्रानांच्या कुरणात, गुरांच्या फाटकाजवळ ठोकला होता, कारण मतदान केंद्र डिस्ट्रिक्टच्या हद्दीतच हवं असा नियम होता आणि हद्दीत गवताखेरीज फारसं काही नव्हतं.

हे डिस्ट्रिक्ट अजून जन्माला यायचं होतं. लिपोवा गावाची पाण्याची पाइपलाइन ओढ्यावरच्या पुलापाशी संपते. पुलापलीकडे एका कंपनीला दोनशे घरं बांधायची होती आणि गाव पाणी द्यायला तयार नव्हतं. अशा वेळी टेक्ससमध्ये लोक जे करतात तेच कंपनीनं केलं. स्वतःचं एक म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट मागितलं. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की त्याचं 'मड' होतं, म्हणजे चिखल, आणि वकील सोडले तर सगळे त्याला चिखलच म्हणतात. काउंटीतला हा चौथा. चिखलाला पाणी आणता येतं, गटारं बांधता येतात, कर्जरोखे काढता येतात, कर बसवता येतो आणि गटाराच्या वाटेत कुणाची जमीन आली तर भाव देऊन ती घेता येते, मालक हो म्हणो किंवा नाही. एवढे अधिकार नुसत्या अर्जावर मिळत नाहीत. तिथे राहणाऱ्या जनतेनं मत देऊन ते द्यावे लागतात. मग रिकाम्या रानात जनता कुठून आणायची? तर ट्रेलरमधून.

कॉय आणि जोलीन ही ती जनता होती. गेल्या नोव्हेंबरात कंपनीनं त्यांचा ट्रेलर इथे आणून ठेवला, त्यांची मतदार म्हणून नोंद झाली, आणि फुकट राहायचं एवढंच त्यांचं काम होतं. हा त्यांचा तिसरा चिखल. आधीचे दोन त्यांनी दोन विरुद्ध शून्य अशा घसघशीत बहुमतानं स्थापन केले होते.

रोझाली या हिशोबात कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. ती आली एका शब्दामुळे.

तिच्या वडिलांनी, अल्फान्स व्रानांनी, दोन वर्षांपूर्वी खालचं साठ एकर रान कंपनीला विकलं तेव्हा कागदावर लिहून घेतलं होतं, टँकच्या दक्षिणेकडचं. त्या भागात गुरांसाठी खणलेल्या तळ्याला टँक म्हणतात. शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण चिखलाचा नकाशा काढायला कंपनीनं ओहायोहून आलेला एक मोजणीदार धाडला. टँक म्हटल्यावर त्यानं लोखंडाची टाकी शोधली आणि ती त्याला सापडलीही, घराच्या मागे, पार रस्त्याच्या कडेला, गंजलेली, चार पायांवर उभी. तिथून त्यानं रेघ मारली. त्या रेघेच्या दक्षिणेला व्रानांचं घर आलं, अक्रोडासारखी पेकनची चार झाडं आली आणि तळंही आलं. तळ्यावर त्यानं छान निळ्या अक्षरांत 'निचरा-तलाव, काँक्रीट काठ' असं लिहून ठेवलं.

फेब्रुवारीत अल्फान्स गेले. रोझाली सॅन अँटोनियोतल्या शाळेच्या ग्रंथालयातून रजा घेऊन आली, घर आवरायला म्हणून थांबली आणि काही न आवरताच थांबून राहिली. वर्तमानपत्रात जाहीर सूचना छापून आली तेव्हा ती नकाशा बघायला काउंटीच्या कचेरीत गेली. ओलेटानंच तिला तो दाखवला.

"चूक दुरुस्त करून मागितलीस तर हद्दीबाहेर जाशील," ओलेटा म्हणाली होती. "कर लागणार नाही. पण मतही जाईल. आणि चिखलाला गटारासाठी हद्दीबाहेरची जमीनसुद्धा घेता येते."

"आणि आतच राहिले तर?"

"तर तू जनता आहेस."

रोझालीनं तिथल्या तिथे मतदाराचा अर्ज भरला.

वकिलाला हे कळलं तेव्हा तो दुसऱ्याच दिवशी दारात हजर झाला. ग्रेडी ॲशकम त्याचं नाव, बूट शहामृगाच्या कातड्याचे, हातात पेट्रोलपंपावर घेतलेला कोलाचींचा, म्हणजे चेक गोड पावांचा, खोका. व्रानांसारख्या चेक लोकांच्या घरी पेट्रोलपंपावरच्या कोलाची घेऊन जायचं धाडस आजवर कुणी केलं नव्हतं.

"मॅडम, नकाशात किरकोळ गफलत झालीय," तो म्हणाला. "आम्ही तुमचं घर बाहेर काढतो."

"आणि तळं?"

"तळ्याची उंची निचऱ्याला फार सोयीची आहे, मॅडम."

"मग राहू दे. मी आतच बरी."

"दोन विरुद्ध एक होईल," तो खोका खाली ठेवत मायेनं म्हणाला.

"मोजता येतं मला."

तो गेल्यावर तिनं खोका उघडला. सॉसेज भरलेले पाव होते. त्यांना कोलाची म्हणतच नाहीत, त्यांना क्लोबास्निक म्हणतात, यावर तिचा ताता, म्हणजे अल्फान्स, अर्धा तास बोलला असता. तिनं ते सगळे तळ्यातल्या माशांना घातले.

त्या तळ्यापुरतीच तिची मागणी होती. ती सात वर्षांची असताना तातानं ते उसन्या बुलडोझरनं खणलं. पहिल्या पावसाळ्यातलं पाणी आठवड्यात जिरून गेलं. तेव्हा त्यानं कोरड्या तळाशी गुरं कोंडली आणि महिनाभर तिथेच चारा टाकला. खुरांनी माती तुडवून तुडवून इतकी घट्ट झाली की पुढे कधी थेंब जिरला नाही. काठावर पाटी घेऊन बसलेल्या रोझालीला तो विचारायचा, "किती गुरं नापास झाली आज?" आणि ती खरोखरच गुण मांडायची. त्या तळाला आता काँक्रीट लागणार होतं.

तर आज सकाळी सात वाजून दहा मिनिटं झाली होती. वकिलाची गाडी फाटकाबाहेर, एसी चालू ठेवून उभी होती. ओलेटानं पहाटेच फीत धरून तंबूपासून शंभर फूट मोजले होते आणि तिथे नारिंगी दोरी बांधली होती, कारण शंभर फुटांच्या आत प्रचार करायचा नसतो. वकिलाचं पुढचं चाक दोरीच्या चार इंच आत होतं. ओलेटानं त्याला गाडी मागे घ्यायला लावली.

"चार इंचांनी काय होतं, बाई?" तो खिडकीतून ओरडला.

"मला विचारताय? रेघ कुठे मारावी हे तुमच्या मोजणीदाराला विचारा!"

मग तिनं पर्समधून डोमिनोचा डबा काढला.

बेचाळीस हा डोमिनोचा खेळ. चौघं लागतात, समोरासमोरचे जोडीदार, बोली असते, हुकूम असतो, आणि पत्त्यांना पाप मानणाऱ्या आयांच्या पोरांनी तो शोधला असं त्या भागात सांगतात. ओलेटा म्हणाली, "नियमपुस्तकात डोमिनोला मनाई कुठे आहे ते दाखवा, मी डबा बंद करते." नियमपुस्तक तिच्याचजवळ होतं.

"नवरा-बायको एका बाजूला नकोत," ती म्हणाली. "घरी जाऊन भांडतात."

"आम्ही जिथे बसू तिथेच भांडतो," जोलीन म्हणाली. "तुम्ही आमची काळजी नका करू."

शेवटी रोझालीसमोर कॉय आला आणि ओलेटासमोर जोलीन. कॉय त्रेसष्ट वर्षांचा, छपरं घालायचं काम करताना पाठ मोडून घेतलेला, लांबट चेहऱ्याचा माणूस.

"लायब्ररीबाई, बोली लावा. आज संध्याकाळपर्यंत तरी लावा."

"तीस."

"तीस! सगळ्यात खालची बोली! एवढी भीड कशाची? पुस्तक आहे का ते, परत करायला?"

"एकतीस," जोलीन म्हणाली.

"हिला हातात काही नसलं की ही एकतीस म्हणते. लग्नाला हो म्हणाली तेव्हा अशीच म्हणाली होती."

"आणि हरले ना!"

ऊन वर आलं. डासांनी तंबूचा ताबा घेतला. दर तासाला ओलेटा उठून पेटीचं कुलूप तपासायची, तासाभरात कुणी मतदार येऊन गेला नाही अशी वहीत नोंद करायची आणि परत येऊन डाव जिंकायची. बोलणं चिखलाकडे वळलं की ती टेबलावर डोमिनो आपटायची.

"शंभर फुटांच्या आत नाही."

"मी फक्त म्हणत होते की गटार..." जोलीननं सुरुवात केली.

"गटार हा प्रचार आहे."

"पाऊस?"

"पावसाला हरकत नाही."

दुपारी जोलीननं ट्रेलरमधून बटाट्याचं सॅलड आणि हॅम आणलं. खाता खाता ती आधीच्या चिखलांबद्दल सांगायला लागली. ते स्थापन होऊन गेले होते, म्हणून ओलेटानं चालवून घेतलं.

"दुसरा चिखल होता ना, तिथे आम्ही मुद्दाम परत गेलो बघायला. चारशे घरं गं! पिवळी स्कूलबस, पोरांचा कालवा. जिथे आमचा ट्रेलर होता तिथे पोहण्याचा तलाव. मी फाटकावरच्या माणसाला म्हटलं, अरे बाबा, हे गाव आम्ही वसवलं. तर तो म्हणतो, बाई, पास आहे का?"

"दोन गावांचे संस्थापक," कॉय म्हणाला, "आणि पोहायला मिळालं नाही."

रोझाली हसली. बऱ्याच दिवसांनी हसली हे तिचं तिलाच कळलं, आणि तिनं डोमिनो उगाचच पुन्हा रचले.

"तुम्ही अगदी अल्फान्ससारखे रचता," कॉय म्हणाला. "मोठे डावीकडे."

"तू ताताबरोबर खेळलास?"

"मग? आम्ही इथे आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मी पाना मागायला घरी गेलो. दार उघडंच होतं. बघतो तर टेबलावर चारही हात मांडलेले, आणि म्हातारा एकटा. या खुर्चीत बसायचा, बोली लावायचा, उठायचा, पुढच्या खुर्चीत जायचा, पास म्हणायचा. मी दारात उभा. मला म्हणतो, बस, उत्तरेकडचा फार हळू खेळतो."

जोलीन हसायला लागली आणि रोझालीकडे बघून थांबली.

दर रविवारी रोझाली फोन करायची. ताता म्हणायचा, सगळं ठीक आहे, बेचाळीस जोरात चाललंय. तिनं कधी विचारलं नव्हतं, कुणाबरोबर. जुन्या चौकडीतले दोघं वारले होते हे तिला माहीत होतं. एकाच्या अंत्यविधीला तर ती स्वतः आली होती.

ओलेटा आपल्या हातातल्या डोमिनोंकडे बघत होती. "चौथी मी होते," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मग संध्याकाळची गाडी चालवणं सोडलं. म्हटलं, येईन कधी दिवसा. दिवसा त्याला शेतात काम असायचं."

जोलीननं सॅलडवरचे डास हाकलले.

"मग मी आणि जोलीन जायला लागलो," कॉय म्हणाला. "तिघांत काही बेचाळीस होत नाही, पण चौथा हात तो खेळायचा. एकदा त्यानं विचारलं, किती घरं होणार खाली? मी म्हटलं, दोनशे. तो जरा वेळ विचार करून म्हणाला, म्हणजे एखादा तरी बेचाळीसवाला निघेल."

ओलेटानं डोमिनो उचलला, आपटण्यासाठी.

"हा प्रचार नाही," कॉय घाईघाईनं म्हणाला. "आठवण आहे."

ओलेटानं डोमिनो हळूच खाली ठेवला.

साडेचारच्या सुमारास रोझाली पाय मोकळे करायला तळ्यापर्यंत गेली. पाणी सपाट होतं, काठावर कॉयची मासे धरायची खुर्ची होती. तिला वाटत होतं, आपण इथे उभ्या राहिलो की काहीतरी ठरेल. तळ्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिनं मनाशी प्रामाणिकपणे विचार करायचा प्रयत्न केला, आणि तिला दिसलं ते फारसं शोभणारं नव्हतं. साठ एकर तातानं स्वतः विकले होते, डोळे उघडे ठेवून, माणसं यावीत म्हणून. ते ती परत मागत होती. ती चिखलाविरुद्ध नाही, ताता गेला त्या फेब्रुवारी महिन्याविरुद्ध मत द्यायला निघाली होती, आणि तो मतपत्रिकेवर नव्हता.

तळं जाईल, असं तिनं एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. एक कासव ओंडक्यावरून पाण्यात पडलं. ती परत आली.

सात वाजायला दहा मिनिटं असताना तिनं पडद्यामागे जाऊन पेन्सिल उचलली. 'डिस्ट्रिक्टच्या स्थापनेच्या बाजूने' या चौकटीत खूण करायला तिला वाटलं होतं त्याहून कमी वेळ लागला. तेवढं मात्र तिला वाईट वाटलं. ओलेटानं तिला स्टिकर दिला.

सातला वकील दोरी ओलांडून आत आला. मोजणी बघायचा त्याला हक्क होता. ओलेटानं पेटीचं कुलूप काढलं, चष्मा बदलला, तिन्ही मतपत्रिका टेबलावर पसरल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"पुन्हा मोजू का?" वकील हसत म्हणाला.

"तीनच आहेत, साहेब. तेवढं शिक्षण झालंय माझं." तिनं घसा साफ केला. "बाजूने एक. विरोधात दोन. प्रस्ताव नामंजूर."

वकिलानं कागद हातात घेतले, उलटे करून पाहिले, पुन्हा सुलटे केले. मग तो टिडवेल नवरा-बायकोकडे वळला. "तुमच्यापैकी कोण?"

"गुप्त मतदान आहे," ओलेटा म्हणाली.

"तीन मतांत कसलं गुप्त! या मॅडमचं एक विरोधात, ते ठरलेलंच. दुसरं यांच्यापैकी एकाचं."

"मी बाजूने दिलंय," रोझाली म्हणाली.

वकिलानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हरलेल्या माणसाची एवढी थट्टा शिकलेल्या बाईनं करू नये. "नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक घेऊ," तो म्हणाला. "नवे मतदार आणू. सोमवारी ट्रेलर उचलला जाईल."

कॉय आणि जोलीन डोमिनो डब्यात भरायला लागले. ट्रेलर उचलला जाण्याची त्यांना सवय होती.

"घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत," रोझाली म्हणाली. हे तिनं आधी ठरवलेलं नव्हतं. "मला एकटीला त्या आवरवत नाहीयेत."

"तुमच्या घरात कोण राहतं याच्याशी मला..." वकील बोलता बोलता थांबला. त्याच्या चेहऱ्यावर नकाशा उमटल्यासारखं झालं. घर हद्दीत होतं. हद्द त्याच्याच माणसानं आखली होती.

"पत्ता बदलायचा अर्ज माझ्या गाडीत आहे," ओलेटा म्हणाली. "दोन देऊ का?"

वकील गेला. धूळ खाली बसेपर्यंत चौघं फाटकाकडे बघत उभी होती.

"कॉय टिडवेल," जोलीन म्हणाली, "तू विरोधात दिलंस?"

"दिलं. या बाईच्या तळ्यासाठी. म्हटलं, तू तर बाजूनेच देणार, मग लायब्ररीबाई आणि मी, दोन."

"अरे, मी तेच केलं! म्हटलं, तू घाबरट, तू बाजूनेच देणार. शिवाय प्रस्ताव पडला की नोव्हेंबरपर्यंत तरी हलायला नको. मला आता सामान बांधायचा कंटाळा आलाय." ती बोटं मोजायला लागली. एक कॉय. दोन आपण. तिसऱ्या बोटापाशी ती थांबली आणि तिनं हळूहळू मान वर केली. "अगं बाई! तू खरंच...?"

"सांगितलं की मघाशी."

"एवढे दोन महिने तळं तळं करून?"

"हो."

कॉयनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी पुन्हा घातली. "म्हणजे आम्ही दोघांनी पोटावर पाय देऊन तुमचं तळं वाचवलं, आणि तुम्हीच ते विकायला निघाला होतात!"

"मी कुठे तुम्हाला सांगितलं होतं वाचवा म्हणून?"

"सांगणार कशी?" जोलीन म्हणाली. "शंभर फुटांच्या आत होतो ना दिवसभर!"

ओलेटाला हसू आवरेना. ती पेटीवर हात ठेवून खुर्चीत बसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं बऱ्याच वेळानं पुसलं. रोझालीनं तिकडे पाहिलं नाही. तिनं तंबूचा एक दोर सोडायला घेतला, गाठ सुटेना म्हणून दातांनी ओढली.

"मग नोव्हेंबरात काय करणार?" कॉयनं विचारलं.

"पुन्हा बाजूनेच देईन."

"मग मी पुन्हा विरोधात. माझी खुर्ची आहे तिथे."

दोघांनी जोलीनकडे पाहिलं. ती तंबूचा खांब उपटत होती.

"माझ्याकडे कशाला बघता?" ती म्हणाली. "आधी खोल्या दाखवा. पूर्वेची खिडकी असली तर विचार करू."